लांडग्यांची वही

४ फेब्रुवारी

ती. मामा,
नमस्कार.

फोन करणार होते, पण तुझं "कोण? काय? जोरात बोल" आठवलं आणि म्हटलं पत्रच बरं. शिवाय इथे वॉर्डात फोन चालत नाही. बाहेर व्हरांड्यात एक लांबलचक बाक आहे. त्यावर आम्ही सहा-सात जणी दिवसभर बसून असतो. कुणी विणतं, कुणी नुसतं भिंतीकडे बघतं. मी सिस्टरकडून कागद मागून घेतले. मागच्या बाजूला तापाचे तक्ते छापलेत, तिकडे लक्ष देऊ नकोस.

मुलगा झाला. एक तारखेला, दोन महिने आधी. मी कारखान्यात कटिंगच्या टेबलाशी उभी होते, शर्टाच्या चाळीस थरांवर खडू मारत होते आणि तिथेच कळ आली. वजन साडेअकराशे ग्रॅम. पेटीत ठेवलंय. पायाला चिकटपट्टी आहे, तिच्यावर माझं नाव आणि पुढे "चं बाळ". पेटी तिसरी, म्हणून सगळे त्याला तीन नंबर म्हणतात. माझं दूध काढून सिस्टरकडे देते, ते त्याला नळीने घालतात. दर तीन तासांनी पाच मिली. एवढं एकच काम माझ्या हातात आहे, ते मी नेमाने करते.

आता दोन कामं तुझ्याकडे.

पहिलं, तुझी ती लांडग्यांची वही. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. तू तीस वर्षं जन्मनोंदणीच्या खिडकीत बसून देशोदेशीची लांडग्याच्या अर्थाची नावं जमवलीस. आई म्हणायची, माझ्या भावाला छंद सुचून सुचून सुचला तो असला. त्यातलं एखादं मुलाचं नाव काढून पाठव. इल्वाचं नाव तूच काढून दिलं होतंस, उत्तरेकडच्या कुठल्याशा भाषेतली लांडगी. ती जाऊन आता चार वर्षं झाली. घरात तिचं नाव कुणी काढत नाही. सासूबाई "मागच्या वेळी" म्हणतात आणि हा तेवढंही म्हणत नाही. दोघांचं एकच, या वेळी घाई नको, पोर घरी येऊ दे, मग नावाचं बघू. पण पेटीशी उभी राहून मी त्याला हाक काय मारू?

दुसरं काम महत्त्वाचं आहे. दूध सुरू केल्यापासून तो ओकतो आणि कावीळ उतरत नाही. इल्वाचंही असंच होतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोघांच्या रक्तात एकच दोष असू शकतो. तेव्हा इल्वाचं रक्त तुमच्या गावच्या लॅबला दिलं होतं, रिपोर्ट यायच्या आधीच ती गेली आणि आम्ही तो आणला नाही. कशाला आणायचा होता? आता तो हवा आहे. नवीन तपासणी करायची तर नमुना लांब पाठवायचा, दीड महिना जातो. लॅबवाले म्हणतात, रिपोर्ट आहे, पण इल्वा या नावाचा जन्माचा दाखला दाखवा, मगच देऊ. आमच्याकडे तिचा एकही कागद नाही, याने ती पिशवीच टाकून दिली होती. म्हणून तुझ्या जुन्या कचेरीत अर्ज टाकतोय. तू एकदा सांगून ठेव तिथे.

गुडघे कसे आहेत? जिने कमी चढ-उतर.

तुझी,
खारू


९ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. आनंद झाला. पण हल्ली आनंदालासुद्धा माझ्याकडे एक्केचाळीस पायऱ्या चढून यावं लागतं, वर येईपर्यंत दमून जातो बिचारा. खालचा कुलूपवाला सकाळी दूध आणि पाव वर आणून देतो, म्हणून मी चार-चार दिवस उतरत नाही. गुडघ्यांचं विचारलंस म्हणून सांगितलं.

वहीचं म्हणशील तर आहे, कपाटात आहे. पण नाव मी काढून देणार नाही. रागावू नकोस.

ती वही कशी सुरू झाली ते तुला कधी सांगितलं का? नोकरीला लागून सहा महिने झाले होते. आपलं बंदराचं गाव, देशोदेशीची माणसं खिडकीशी यायची. त्यातला एक गवंडी आला, हाताला चुना तसाच. त्याची चार पोरं एकामागून एक गेली होती. पाचव्याचं नाव म्हणाला, वूक लिहा. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाला, लांडगा. त्यांच्याकडे समजूत अशी की पोरं नेणारी जी कुणी असते ती लांडग्याच्या वाटेला जात नाही. पोर जगलं. गवंडी दरवर्षी त्याला खिडकीशी आणून दाखवायचा, जसं काही मीच काहीतरी केलंय. मग मला चटक लागली. कुणाच्याही नावाचा अर्थ विचारायचा. बेकरीवाल्याचा झेएव, शिंपिणीचा फार्कश, चावी बनवणाऱ्याचा गुर्गेन, मास्तरणीचा उवैस, खलाशाचा ब्लेदिन, सगळे लांडगे. कुणी लहान लांडगा, कुणी मोठा. रुडॉल्फच्या पोटात लांडगा, राल्फच्या पोटात लांडगा, आणि बापाला पत्ताच नाही. संस्कृतात वृक आहे, पण वृक नावाचं पोर घेऊन कुणी माझ्या खिडकीशी आलं नाही. आपल्याला लांडगा म्हटलं की लांडगेतोडच आठवते.

बघ, नाही नाही म्हणता पान भरलं. सवय जात नाही.

पण त्या वहीत काय नाही ते ऐक. त्यातली किती जगली, ते त्यात नाही. गवंड्यासारखी ज्यांची जगली ते मला सांगायला यायचे. ज्यांची गेली ते कशाला येतील? नावाने काही होत नाही, खारू. मी हे तीस वर्षं बघितलं आणि तरी तुझ्या पोरीच्या वेळी मोठ्या तोंडाने इल्वा सुचवलं. सासूबाईंचं ऐक. वाट बघ.

आणि दाखल्याच्या भानगडीत पडू नकोस. कचेरीत आता सगळं कॉम्प्युटरवर चाललंय, जुनी पुस्तकं तळघरात टाकलीत, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. डॉक्टरीणबाईंना सांग, जुने कागद नाहीत, तुम्हीच नव्याने तपासा. शिकलेल्या आहेत, काढतील वाट.

तब्येतीला जप. जावईबापूंना आशीर्वाद सांग.

तुझा,
मामा


१४ फेब्रुवारी

ती. मामा,

तू म्हणालास भानगडीत पडू नको, आणि भानगड झालीच.

हा परवा ट्रकची फेरी तिकडची घेऊन मुद्दाम कचेरीत गेला. दाखला मिळाला. तारीख बरोबर, वेळ बरोबर, माझं नाव, याचं नाव, पत्ता, सगळं बरोबर. मुलीच्या नावापुढे मात्र आडवी रेघ. हा तसाच लॅबमध्ये गेला. खिडकीतला माणूस म्हणाला, आमच्याकडे इल्वा आहे, तुमच्या दाखल्यावर कुणीच नाही, मी कुणाचा रिपोर्ट कुणाला देऊ? बरोबर आहे त्याचं. याने पुष्कळ विनवलं. तुला माहीत आहे, हा माणूस स्वतःसाठी पाणीसुद्धा मागत नाही.

खिडकीत नवीन मुलगी आहे म्हणे, चष्म्याची. जुन्या पुस्तकावरून कॉम्प्युटरवर उतरवताना तिने नाव गाळलं असणार, दुसरं काय? तिला म्हटलं मूळ पुस्तक बघा, तर म्हणाली अर्ज करा, आठ दिवस लागतील. मामा, तू एकदा जा. तुला कोण अडवणार आहे? तुझ्या हातचं अक्षर आहे, पुस्तक काढायला लाव, नाव दाखव, दुरुस्त करून घे. अर्ध्या तासाचं काम आहे. रिक्षा कर.

तीन नंबरचा काल दोनदा श्वास थांबला. सिस्टरने पायावर टिचक्या मारल्या, मग घेतला. दूध दोनदा बंद करून सलाइनवर ठेवला की जरा बरा वाटतो, पुन्हा सुरू केलं की पुन्हा तेच. डॉक्टरीणबाई आता रोज विचारतात, रिपोर्टचं काय झालं? मी रोज सांगते, माझा मामा बघतोय.

नाव दिलं नाहीस, तरी तू लिहिलेली सगळी नावं मी पेटीशी उभी राहून त्याला ऐकवली. गुर्गेन म्हटल्यावर त्याने तोंड वाकडं केलं.

खारू


१७ फेब्रुवारी

चि. खारूस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे थंडी उतरायचं नाव घेत नाही, गुडघ्याने अगदी असहकार पुकारलाय. तरी बघतो. कचेरीत ओळखीचं आता कुणी उरलेलं नाही, मी गेलो तर म्हणतील हा म्हातारा कोण? तळघराची किल्लीही म्हणे साहेबांकडे असते. सोमवार-मंगळवारकडे काही जमतं का पाहतो.

त्या चष्मेवालीला मात्र जावईबापूंनी बोलू नये. पोरगी नवीन आहे. नवीन माणसाच्या हातून होतं.

डॉक्टरीणबाईंना नमुना पाठवायला लाव. दीड महिना म्हणतात, पण कधी कधी लवकर येतं.

मामा


२१ फेब्रुवारी

मामा,

हा आज पुन्हा गेला होता. चष्मेवालीने कुणाला न सांगता तळघरातून पुस्तक काढलं आणि त्याच्यासमोर उघडलं. बाकी सगळं शाईने लिहिलंय, तुझ्या अक्षरात. नावाच्या रकान्यात कागद खरवडलेला आहे. तिने पान खिडकीशी तिरकं धरलं तर दाबून लिहिलेल्या अक्षरांचे वळ दिसले. हा म्हणतो, स्पष्ट वाचता येतं, तिचंच नाव. पेन्सिलने लिहून कुणीतरी खोडरबराने पुसलंय.

त्या मुलीने याला सांगितलं, अहो, ही माझी चूक नाही हो. रडकुंडीला आली होती म्हणे.

कुणी पुसलं मामा? तुझं टेबल होतं.

खारू


२३ फेब्रुवारी

चि. खारू,

मी पुसलं.

हे दोन शब्द लिहायला मला दोन आठवडे लागले. तेवढ्यात तुला दोन पत्रं लिहिली, दोन्हीत खोटं लिहिलं. त्या पोरीवर ढकललं. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण ते रोजच दुखतात.

सगळं सांगतो. मग तुला हवं ते म्हण.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे हेडक्लार्क होते, पांढऱ्या मिशांचे, सगळे त्यांना नाना म्हणत. नियम असा की पुस्तकात जे लिहायचं ते शाईने, खाडाखोड नाही. पण नानांनी मला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेतलं. म्हणाले, बाप खिडकीशी आला की आधी त्याच्याकडे बघ. पोर अशक्त आहे असं कळलं तर बाकी सगळं शाईने लिही, नाव तेवढं पेन्सिलने. चाळीस दिवसांनी चौकशी कर, पोर असलं तर वरून शाई फिरव. नसलं तर पुसून टाक आणि रेघ ओढ. का, तर आई-बापाला पुढच्या पोराला तेच नाव ठेवता येतं, पुस्तकात एका घरात एकच नाव दोनदा दिसत नाही, आणि कधी दाखला काढावा लागला तर मेलेल्या पोराचं नाव कागदावरून अंगावर येत नाही. नाना वाईट माणूस नव्हते. त्यांची स्वतःची दोन गेली होती. मला ते दयेचं काम वाटलं. तीस वर्षं मी ते केलं आणि कुणाच्या बापाला कळलं नाही. कुणी मला विचारलंही नाही की बाबा, तुला ही दया कुणी सांगितली?

पण तुझं वेगळं आहे, आणि ते नानांवर ढकलता येत नाही.

तुझी पोर झाली तेव्हा मी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून म्हटलं होतं, इल्वा ठेवू या, लांडगी आहे, कुणाच्या बापाला भिणार नाही. तू हसलीस. जावईबापू म्हणाले, मामा म्हणतात तर ठेवू. तुम्ही दोघं त्या नावावर विसंबलात. मी तिथून उठून कचेरीत गेलो, पुस्तक उघडलं, आणि हात आपसूक पेन्सिलीकडे गेला. तुम्हाला धीर देऊन आलो होतो आणि मला स्वतःला दिवसभरही धीर धरवला नाही. ती जिवंत असताना, खारू, पहिल्याच दिवशी, मी तिला गेलेली धरलं होतं. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर म्हटलं असतं सवयीने झालं. सवयीने नाही झालं. मला वाटलंच होतं.

दहाव्या दिवशी जावईबापू मृत्यूचा कागद घेऊन माझ्याच खिडकीशी आले. कागद पुढे सरकवला. मी त्या कागदावरही "अमक्यांची मुलगी" एवढंच लिहिलं, म्हणजे दोन्हीकडे जुळेल. ते वळले तसं मी पुस्तक ओढलं आणि पुसलं. चांगलं घासून पुसलं. फुंकर मारून रबराचा भुगा उडवला. तेव्हा मला वाटलं मी तुझ्यावर उपकार करतोय.

नावाने काही होत नाही असं मी तुला मागे लिहिलं. चुकीचं लिहिलं. नाव नसल्याने काय होतं ते आता तू पेटीशी उभी राहून बघते आहेस.

उद्या जातो, असं लिहीत नाही. जाऊन आल्यावर लिहीन.

मामा


५ मार्च

चि. खारूस,

तुझं उत्तर आलं नाही. चार दिवस मी त्याचीच वाट बघत बसलो, तेही माझ्याच पदरी घाल. मग उतरलो.

पहिल्या दिवशी साहेब रजेवर. दुसऱ्या दिवशी होते. वय पस्तिशीचं, स्वभावाने बरे. पुस्तक समोर ठेवलं, मी सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. बंद झालेल्या पुस्तकात रकान्यात काही लिहिता येत नाही, कडेच्या जागेत दुरुस्ती लिहायची, खाली कारण आणि ज्याच्यामुळे घडलं त्याची सही. साहेब म्हणाले, काका, "ओलाव्याने अक्षर उडाले" असं कारण लिहा. तळघर आहे, कोण बघायला येतंय? कशाला म्हातारपणी स्वतःला काळं फासून घेता? खरं सांगू, माझ्या मनात आलं, लिहावं. दाखला तोच मिळणार होता. तुला कळलंही नसतं.

मग मी म्हटलं, साहेब, ओलावा एकट्या नावावरच कसा आला? बाकीचं सगळं शाबूत आहे. उद्या कुणी पान तिरकं धरलं तर या चष्म्याच्या पोरीवर येईल. आणि अशी आणखी अठरा पानं आहेत.

त्यांनी जबाबाचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी अठरा म्हटलं खरं, पण नावं मला अकराच आठवली. सात पोरं अशी आहेत की त्यांना काय हाक मारायचे ते आता त्यांच्या आई-बापांखेरीज कुणाला माहीत नाही. जबाबात तेही लिहून दिलं.

नुसत्या जबाबावर नाव चढत नाही, त्या वेळचा लेखी पुरावा लागतो. लांडग्यांची वही नेली होती. तिच्यात त्या दिवशीची तारीख घालून मी शाईने लिहिलं होतं, "इल्वा, लांडगी, माझ्या भाचीची." पुस्तकात पेन्सिल आणि घरच्या वहीत शाई, असला मी माणूस. वही आता कचेरीत जमा झाली, परत मिळायची नाही. म्हणजे तुला नाव काढून द्यायचा प्रश्नच मिटला.

आज दुपारी दाखला तयार झाला. चष्मेवालीनेच जावईबापूंना फोन केला होता, ते ट्रक घेऊन आले. मी बाकावर होतो. मी उठलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पोरीकडून कागद घेतला आणि गेले. पाणी विचारलं तर मानेने नको म्हणाले. बरोबर केलं.

कडेच्या मजकुराची नक्कल मला दिली, ती तुला लिहून पाठवतो: "बालिकेचे नाव इल्वा. सदर नाव तत्कालीन नोंदणी कारकुनाने नियमाविरुद्ध पेन्सिलने लिहिले व बालिकेच्या मृत्यूनंतर स्वतः पुसले. नातेवाइकांची संमती नव्हती." खाली माझी सही. स्पष्ट वाचता येते.

बाळ कसं आहे एवढं कळव. माझ्याशी बोलायचं नसेल तर सिस्टरला दोन ओळी लिहायला सांग.

मामा


१६ मार्च

मामा,

लिहायला बसत होते आणि कागद फाडत होते. आज पूर्ण करते.

रिपोर्ट आला. आमच्या मुलांना दूध पचत नाही, त्यातली साखर रक्तात विषासारखी साठते. आईचं दूधसुद्धा. आईचं दूधच. म्हणजे इल्वाला मी नऊ दिवस तेच पाजलं, आणि याला महिनाभर, दर तीन तासांनी, नेमाने. डॉक्टरीणबाईंनी त्याच तासाला दूध बंद केलं, डब्यातली वेगळी पावडर सुरू केली. चौथ्या दिवशी ओकणं थांबलं. कावीळ उतरतेय. यकृत सुजलंय ते हळूहळू उतरेल म्हणतात. डोळ्यांत मात्र पांढरं आलंय, दोन्ही डोळ्यांत. एवढ्याशा जिवाला मोतीबिंदू. कधी कधी आपोआप विरतो, कधी नाही, थांबून बघायचं. मी विचारलं, तीन आठवडे आधी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, तर बरं झालं असतं.

हे तुला लिहू नये असं सासूबाईंचं म्हणणं होतं. म्हातारा माणूस, कशाला जिवाला घोर? पण मामा, तुला जपण्यासाठी तुझ्यापासून लपवलं तर मी आणि तू एकच झालो. म्हणून लिहिलं.

मला तुझा राग येतो. तू पुसलंस त्याचा कमी येतो, अठरा पानांचं ऐकल्यावर तो थोडा थकला. आमच्या कारखान्यात चुकलेली खडूची रेघ झटकायचीच असते, पण ती कात्री चालायच्या आधी. तू कापून झाल्यावर झटकलीस. पण राग येतो तो त्या दोन पत्रांचा. मी इथे बाकावर बसून सगळ्यांना सांगत होते, माझा मामा बघतोय. आई गेल्यावर माझ्याकडे सांगायला दुसरं कोण होतं? माफ केलं असं लिहिणार होते, अजून जमत नाही. जमलं की कळवीन.

बाळाचं नाव ठेवलं. घरी न्यायची वाट बघितली नाही, कालच नोंदवलं. इथल्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, अजून पेटीत आहे ना, घाई काय? मी म्हटलं, आत्ताच लिहा, आणि त्यांचं पेन चालेपर्यंत तिथून हलले नाही. नाव याने ठरवलं. तुझी पत्रं याने ट्रकमध्ये बसून वाचली होती, मला माहीतही नव्हतं. लांडगाच आहे की दुसरं काही, ते इथे लिहीत नाही. पायाच्या पट्टीवर आता "चं बाळ" नाही, नाव आहे. स्वतः येऊन वाच. शनिवारी दोन ते चार भेटू देतात. जिना नाही, लिफ्ट आहे.

आणखी एक सांगते, कारण हा तुला कधी सांगायचा नाही, मलाही ते ट्रकवरच्या क्लीनरकडून कळलं. त्या दिवशी कचेरीतून दाखला घेऊन हा लॅबमध्ये गेला. खिडकीत तोच माणूस होता. त्याने दाखला हातात न घेताच विचारलं, पेशंटचं नाव? चार वर्षांत याच्या तोंडून ते नाव मी एकदाही ऐकलेलं नाही. हा म्हणाला, इल्वा. माणसाने विचारलं, तुमची कोण? हा म्हणाला, माझी मोठी मुलगी.

खारू